घोषणा छापली, घोषणा देणारा कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रांतिदिन पुरवणीत पहिल्याच पानावर ‘भारत छोडो’ हे शब्द तुम्ही हातभर अक्षरांत छापलेत. आतली मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरच्या १९४२च्या काँग्रेस बैठकीची हकिगत मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. युसूफ मेहेरअली हे नाव कुठेही नाही! हे शब्द सुचवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, १९२८ साली ब्रिटिशांचे सायमन कमिशन बोटीने आले तेव्हा ‘सायमन गो बॅक’ म्हणत ज्यांनी मुंबईच्या बंदरावर निदर्शने केली, १९४२ साली जे मुंबईचे महापौर म्हणून निवडले गेले, त्यांना क्रांतिदिनाच्या मजकुरात एक ओळ मिळू नये? आणि ८ ऑगस्टच्या त्या बैठकीचे अध्यक्ष मौलाना आझाद होते, ही गोष्ट छायाचित्राखाली बारीक अक्षरांत उरकलीत.

मग शेवटच्या पानावर चौकट: ‘अल्पसंख्याक समाजाचे योगदान’. ओळीने नावे, त्यांत आझादांचेही, पुढे जन्म-मृत्यूची साले. मेहेरअली तिथेही नाहीत, पण माझी तक्रार चौकटीबद्दलच आहे. लग्नघरात आहेराची वही पाहुण्यांसाठी ठेवतात, घरच्यांची नावे त्यात कोणी लिहीत नाही. आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना १९४३ साली त्यांची पत्नी वारली. तो माणूस या देशाला आहेर करायला आला होता का?

दादाभाई नौरोजींना मात्र तुम्ही चौकटीत घातले नाहीत, मुख्य लेखात घेतले. बरोबर केलेत. १९०६च्या कलकत्ता अधिवेशनात अध्यक्षपदावरून स्वराज्याचे ध्येय सांगणारा माणूस पारशी होता म्हणून त्याला वेगळे काढायचे आपल्या कोणाच्या मनातही येत नाही. मग हाच न्याय आझादांना का नाही?

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून बसले होते. विषय होता ‘माझे आवडते राष्ट्रीय नेते’. नववीतली एक मुलगी मेहेरअलींवर बोलायला उभी राहिली. शेतकऱ्याची मुलगी, हातात कागद नाही. पनवेलजवळ तारा गावी मेहेरअलींच्या नावाचे केंद्र आहे. तिथल्या दवाखान्यात तिची आजी जायची. हे नाव कोणाचे, असे तिने आजीला विचारले, आजीला सांगता येईना, म्हणून तिने शोधून काढले. तिथून तिने सगळ्या सभागृहाला सायमनच्या बोटीपर्यंत नेले. मागच्या बाकांवरची मुलेसुद्धा गप्प झाली होती.

माझ्या शेजारच्या परीक्षकांनी तिच्या गुणपत्रकावर ‘विषयाला धरून नाही’ असा शेरा मारला आणि आशयाला वीसपैकी सहा गुण दिले. मी विचारले तर म्हणाले, “मॅडम, राष्ट्रीय नेते म्हणजे टिळक, गांधी, नेहरू, सुभाषबाबू. हे त्यांच्या समाजाचे झाले.” ज्या माणसाने १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या उभारणीत भाग घेतला, तो ‘त्यांच्या समाजाचा’! मुलीला बक्षीस मिळाले नाही. बाहेर पडताना तिने मला विचारले, “बाई, माझं काय चुकलं?” आयोजकांना मी लेखी तक्रार दिली, तिचे उत्तर आजतागायत नाही. कालची तुमची चौकट पाहिली आणि तो शेरा पुन्हा डोळ्यांपुढे आला. त्या परीक्षकांच्या घरीही असेच अंक येत असणार.

आम्ही रायगडकर तर याबाबतीत फार विसरभोळे. आमच्या जिल्ह्याचे कुलाबा हे नाव जाऊन रायगड झाले ते १९८१ साली, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. शिवरायांच्या दोन किल्ल्यांची नावे दोन जिल्ह्यांना लागली ती आंबेतच्या या मुसलमान मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत. सिमेंट प्रकरणात त्यांना पद सोडावे लागले, त्यात मी त्यांची बाजू घेणार नाही. पण संजय गांधी निराधार योजनाही त्यांच्याच काळातली, आणि आमच्याकडच्या विधवा बायका ते पैसे काढायला आजही बँकेत रांग लावतात. आपण रोज पत्त्यात ‘जि. रायगड’ लिहितो. आपली ओळख घडवणाऱ्यांत अंतुले नाहीत असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

घटना समितीत मुस्लिम लीगकडून आलेल्या बेगम ऐजाज रसूल धर्मावर आधारित राखीव जागा नकोत म्हणून उभ्या राहिल्या. त्यांच्या समाजातल्या इतर काही सदस्यांना ते मान्य नव्हते. आज लोकसभेत धर्माच्या नावाने राखीव जागा नाहीत, त्यामागे अशा माणसांचे धाडस आहे. शाळेच्या पुस्तकात आणि तुमच्या अंकात त्यांचे नाव मला क्वचितच दिसते.

माझी विनंती साधी आहे. पुढच्या क्रांतिदिनाला चौकट काढून टाका आणि ही माणसे मुख्य मजकुरात, जिथे ती प्रत्यक्षात होती तिथे, येऊ द्या. मेहेरअलींवर स्वतंत्र लेख हवा असेल तर मी लिहून देईन, मानधन नको.

आणखी एक. पेणला तुमची पुरवणी मूळ अंकाबरोबर येत नाही. विक्रेता म्हणतो, गठ्ठेच कमी येतात. कालची पुरवणी मी शेजाऱ्यांकडून मागून वाचली. वर्षाची वर्गणी आगाऊ भरणाऱ्यांवर ही वेळ येऊ नये. कृपया वितरण विभागाला कळवावे.

– एक निवृत्त शिक्षिका, पेण (जि. रायगड)