क्यूबच्या अहवालासोबत नोंदवहीही मागा

महोदय,

पुनर्विकासात गेलेल्या सोसायट्यांच्या सभेत विकासक काँक्रीटच्या क्यूब चाचण्यांची, म्हणजे साच्यात भरलेले काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडण्याच्या चाचण्यांची, फाइल ठेवतो, 'सगळे क्यूब पास' असं सांगतो आणि विषय संपतो. ती फाइल कशी वाचावी, हे सभासदांना ठाऊक असणं फार गरजेचं आहे.

एम-२५ (२८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौ. मिमी ताकद अपेक्षित असलेल्या) काँक्रीटचं मिश्रण नेमक्या तेवढ्याच ताकदीसाठी कुणी बनवत नाही. सुरुवातीला प्रमाण विचलन (निकाल सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप) ४ धरून त्याची १.६५ पट २५ मध्ये मिळवायची, म्हणजे मिश्रण ३१.६ साठी बेतलं जातं. त्यामुळे २८ दिवसांचे क्यूब कधी २८, कधी ३३ असे खालीवर येणं साहजिक आहे. एका नमुन्याच्या तीन क्यूबमध्ये सरासरीपासून १५ टक्क्यांपर्यंतचा फरक आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकालाही मान्य आहे. प्रत्येक स्लॅबला २५.३, २५.४, २५.२ असेच आकडे येत असतील, तर ते कागदावर बसवलेले असण्याचा संशय जरूर घ्यावा. खरं काँक्रीट इतकं एकसारखं नसतं.

मग क्यूबची संख्या मोजा. ६० घनमीटरच्या स्लॅबला किमान पाच नमुने लागतात: पहिल्या ५० घनमीटरपर्यंत चार आणि पुढच्या प्रत्येक ५० किंवा त्याच्या भागासाठी एक. एका नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे २८ दिवसांसाठी पंधरा. सात दिवसांनी फोडायचे ते वेगळे. फाइलमध्ये एवढ्या स्लॅबचे तीनच क्यूब असतील तर चाचणी झाली असं म्हणता येणार नाही.

खरी गोम क्यूब भरण्यात आहे. आरएमसीची (प्लांटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटची) गाडी आल्याबरोबर नमुना घेतला आणि नंतर काँक्रीट पंपातून सुटेना म्हणून ड्रममध्ये पाणी सोडलं, तर क्यूब एका काँक्रीटचा आणि स्लॅब दुसऱ्याच. नमुना गाडीतलं पहिलं काँक्रीट जाऊ देऊन, ओतायच्या जागी घ्यायला हवा आणि स्लम्पही (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) तिथेच मोजायला हवा. साच्याला आतून तेलाचा हात, सांध्यांतून स्लरी गळणार नाही इतके घट्ट बोल्ट, ५० मिमीचे तीन थर आणि दर थराला १६ मिमी सळईचे किमान ३५ ठोके. ठोके कमी पडले की कडेला पोकळ्या राहतात आणि चांगल्या काँक्रीटचा क्यूबही कमी ताकद दाखवतो. हे वजनावरून लगेच कळतं. १५० मिमीचा नीट भरलेला क्यूब सव्वाआठ किलोच्या आसपास भरतो. साडेसात भरला तर त्यात हवा आहे.

साचा साधारण २४ तासांनी खोलायचा आणि क्यूब लगेच पाण्यात सोडायचा, पाणी २७ अंशांच्या आसपास राखायचं आणि आठवड्याला बदलायचं. साइटवरची उघडी टाकी मेच्या उन्हात किती तापते, हे कुणी मोजतच नाही. फोडताना क्यूब ओलाच हवा, कारण वाळलेला क्यूब जास्त आकडा दाखवतो. घासून सपाट केलेला वरचा पृष्ठभाग यंत्राच्या प्लेटखाली येऊ द्यायचा नाही, साच्याला लागलेल्या बाजूंवरच भार द्यायचा. भाराचा वेग मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौ. मिमी, म्हणजे या क्यूबवर मिनिटाला ३१५ किलोन्यूटन. या हिशेबाने ३० ताकदीचा क्यूब फुटायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. अर्ध्या मिनिटात फोडलेल्या क्यूबचा आकडा फुगलेला असतो.

यातलं काहीच 'ताकद: २९.८, पास' एवढ्या ओळीत दिसत नाही. ते साइटच्या नोंदवहीत असतं: गाडीचा चलन क्रमांक, स्लॅबचा नेमका भाग, स्लम्प, भरल्याची तारीख आणि वेळ, क्यूबवरचा क्रमांक, वजन, फुटतानाचा भार किलोन्यूटनमध्ये. अहवालाबरोबर या नोंदवहीची प्रत मागावी. चलन क्रमांक आरएमसी प्लांटच्या नोंदीशी जुळतो का, एवढी एक तपासणी कोणीही सभासद करू शकतो.

पण नोंदवही लिहिणारा तंत्रज्ञ कंत्राटदाराच्या पगारावर असेल, तर त्याच्याकडून नापास आकडा लिहिण्याची अपेक्षा करणं त्याच्यावरच अन्याय आहे. क्यूब सोसायटीच्या प्रकल्प सल्लागाराचा तंत्रज्ञ भरेल, त्यावर त्याची सही राहील आणि ते थेट एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातील, अशी अट विकास करारातच घालावी. बांधकामाच्या एकूण खर्चात हा खर्च नगण्य आहे.

क्यूब नापास झाले तर रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) फिरवून विषय मिटवू देऊ नका. त्याच्या अंदाजात २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. कमजोर जागा हेरायला तो ठीक. शंका असलेल्या भागातून किमान तीन कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेले काँक्रीटचे दंडगोल, काढावेत. त्यांची सरासरी त्या वयाच्या अपेक्षित क्यूब ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. हे २८ दिवसांचा निकाल येताच करावं लागतं, कारण तोवर वर आणखी एखादा मजला चढलेला असतो. महापालिकांनीही जोत्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना अहवालांसोबत या नोंदवहीची प्रत सक्तीची करावी, ही विनंती.

— एक स्थापत्य तंत्रज्ञ, पुणे