गाडीच्या अलॉय चाकांवरचा पांढरा गंज मुळापासून काढायला शिकवणाऱ्या पेंटरभाऊंना

आदरणीय पेंटरभाऊ,
सप्रेम नमस्कार.

अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके, रंगवून देणे हा तुमचा रोजीरोटीचा धंदा. तरी आमच्या गावातल्या पोट्ट्यांना तेच काम घरी कसे करायचे, हे तुम्ही हातचे न राखता सांगितले. त्याबद्दल हे जाहीर आभार.

सगळ्यात जास्त आभार एका गोष्टीचे. पांढरा गंज डोळ्यांना दिसतो त्याच्या कितीतरी पुढे लॅकरखाली, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराखाली, पसरलेला असतो, हे तुम्ही नखाने लॅकर उचलून दाखवले. पांदणीवरचे खडे लॅकर टिचवतात, तिथून ओल आत शिरते. खताची पोती वाहणाऱ्या गाडीला तर पोटॅशमधले गंज वाढवणारे क्लोराईडही भेटते. त्यावर सिल्व्हरचा डबा फवारला की पुढच्या पावसाळ्यात फोड ठरलेलेच. म्हणून डागाच्या कडेपासून बोटभर पुढे, चांगल्या दिसणाऱ्या लॅकरवरही ८० नंबरचा सँडपेपर चालवायचा. खड्ड्यात काळा ठिपका उरला, तर गंज अजून आत आहे. धातू सगळीकडे सारखा उजळला आणि खड्डे पुट्टीने भरून झाले की मग १२०, २४० आणि ४००. जुन्या रंगाची कड बोटाला लागता कामा नये. लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश अलॉयला लावू नका, असे तुम्ही बजावले. लोखंडाचे कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच नवा गंज धरतो.

पुट्टीचा क्रमही तुमच्यामुळे नीट कळला. पॉलिस्टर पुट्टी उघड्या, खरखरीत धातूवरच भरायची, हार्डनर वजनाच्या २ ते ३ टक्के. आधी ॲसिडवाला एच प्रायमर (उघड्या धातूला रंग धरावा म्हणून मारायचा पहिला थर) मारून त्यावर पुट्टी भरली, तर खालच्या ॲसिडमुळे ती नीट पकडत नाही. पुट्टी घासून झाली की थिनरने पुसायचे, नंतर हात लावायचा नाही. मग उघड्या धातूवर एच प्रायमरचा एकच पातळ हात, त्यावर फिलर प्रायमर, तो ६०० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासायचा.

आपल्याकडच्या हवेबद्दल तुम्ही सांगितले ते तर कोणत्याच डब्यावर लिहिलेले नसते. नवतपात उन्हात ठेवलेले चाक हाताला चटका देते. रंग धातूवर पसरण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात लॅकर दुधाळ पडते. दिवाळीनंतर माघापर्यंत, सकाळचे दव उडाल्यावर सावलीत काम करावे. डबा २० ते २५ सेंटीमीटरवर धरून सिल्व्हरचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटे. ओघळ येतो तो घाईत जाड हात मारल्याने.

हार्डनरवाले टूके लॅकर घरी मारू नका, हा तुमचा आग्रह आम्ही गावभर सांगतो. त्यातले आयसोसायनेट तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याने अडत नाही आणि त्याने दमा जडू शकतो. घरी एका डब्यातले साधे लॅकर मारावे, नाहीतर शेवटचा हात तुमच्याकडेच द्यावा. तडा गेलेले किंवा वाकलेले चाक रंगवायला तुम्ही सरळ नकार देता. गिऱ्हाईक रागावले तरी तुम्ही बधत नाही, याचा आम्हाला फार आदर वाटतो.

चाक बसवतानाच्या गोष्टीही तुमच्याच. हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) टेकणारा भाग आणि नटांची बैठक मास्किंग टेपने झाकून कोरीच ठेवायची. तिथला रंग दबून झिजला की नट ढिले होतात. टायर बसतो ती कड स्वच्छ नसेल तर हवा हळूहळू जात राहते, म्हणून पंक्चरवाल्याकडून टायर उतरवूनच काम करावे. काळ्या मातीत जॅक रुततो, त्याखाली जाड फळी ठेवावी. नट समोरासमोरचे आवळावेत, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने), आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे. बॅलन्सिंगची वजने चिकटवायची असतील तर लॅकर पूर्ण कडक झाल्यावरच.

हे सगळे तुम्ही हातातले काम थांबवून, चहा पाजून सांगितले. भाऊ, मनापासून धन्यवाद.

तुमचेच,
गावातले गाडीवाले
जि. यवतमाळ