दूध सोडताना बी-१२चा विचार हवाच

संपादक महोदय,

दूध-दही सोडून पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांना डाळी-उसळींतून प्रथिने मिळतात. खरी अडचण बी-१२ या जीवनसत्त्वाची. ते जिवाणू तयार करतात, भाजीपाला नव्हे. स्पिरुलिना या शेवाळातले बहुतांश बी-१२ शरीराला वापरता येत नाही. इडली-आंबोळीच्या आंबवण्यावरही विसंबू नये. बी-१२ कमी पडल्याने होणारा रक्तक्षय पालेभाज्यांतल्या फोलेट या जीवनसत्त्वामुळे झाकला जातो आणि हातापायांना मुंग्या येईपर्यंत कमतरता लक्षातच येत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून बी-१२ची गोळी घ्यावीच.

लोहासाठी मटकी, हरभरे मोड आणून खावेत. लिंबातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते, पण लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावे. उकळीत क जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. चहाने लोहाचे शोषण घटते, म्हणून जेवणानंतर तासभर चहा नको. घरच्या बदामदुधात कॅल्शियम फारच थोडे. १०० ग्रॅम नाचणीत मात्र सुमारे ३५० मिलिग्रॅम असते.

– एक आहारतज्ज्ञ, नाशिक