फोनला हात न लावणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला लागले की आपण लगेच विषय बदलता आणि पावसाचे नाहीतर कूलरच्या पंपाचे बोलू लागता, हे आता साऱ्या गल्लीला ठाऊक झाले आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि तेही चारचौघांना वाचता येईल अशा रीतीने. आमच्या सासूबाईंना आणि वस्तीतील त्यांच्या बरोबरीच्या मंडळींना मोबाइल शिकवताना आपण जी पद्धत वापरली, ती नागपुरातल्या इतर वस्त्यांनीही उचलावी, असे मला मनापासून वाटते. पत्र उघड लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

पद्धत तशी साधी आहे. शिकणाऱ्याच्या फोनला आपण हात लावत नाही. घरोघरी नेमके याच्या उलट चालते. मुलगा, सून किंवा नातू आजीच्या हातातून फोन घेतो, भराभर चार ठिकाणी बोट फिरवतो आणि "झालं, घे" म्हणून परत देतो. काम झालेले असते, पण ते कसे झाले हे आजीला कळलेले नसते, आणि पुढच्या वेळी तिला पुन्हा त्याचीच वाट पाहावी लागते. आपण मात्र हात पाठीमागे बांधून उभे राहता. बागेतल्या बाकावर आईंनी पहिल्यांदा व्हिडिओ कॉल लावायला घेतला, तेव्हा बोट थरथरून भलतीकडेच पडले आणि पडद्यावर त्यांची स्वतःचीच हनुवटी दिसू लागली. त्या फोन खाली ठेवणार, तोच आपण म्हणालात, "काहून घाबरता जी? मागं या अन् पुन्हा दाबून तं पाहा. फुटत नाही तो." शेजारच्या बाकावरचा एक मुलगा मदतीला पुढे झाला, तर आपण त्याला खुणेनेच थांबवलेत. बराच वेळ गेला, परंतु शेवटी कॉल लागला तो आईंच्या बोटाने.

नंतर आपण त्यांच्यासाठी जी लांब वही तयार केलीत, तिचे वर्णन केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डाव्या पानावर स्केचपेनने काढलेले चिन्ह आणि उजव्या पानावर त्याच्या समोर ठळक अक्षरात एकच वाक्य, अशी तिची रचना आहे. हिरव्या गोलासमोर "बोला", लाल गोलासमोर "ठेवा" आणि माइकच्या चित्रासमोर "दाबून धरा, बोलून झाल्यावर सोडा" असे लिहिलेले आहे. एका पानावर मेलबर्नचे घड्याळ आहे: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत ते आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, एरवी साडेचार तास. माझ्या नणंदबाई तिकडे असतात आणि तिथल्या घड्याळाचा काटा वर्षातून दोनदा का सरकतो, हे आम्हा कोणालाच आईंना नीट समजावून सांगता आले नव्हते. आपण ते सांगत बसला नाहीत. पानावर तारखा लिहिल्यात आणि फोनच्या घड्याळात मेलबर्नची वेळ आईंकडूनच लावून घेतलीत. आता इकडे दुपारचे बारा वाजले की तिकडे नातवंडे शाळेतून घरी येऊन काही खात बसली असतील की संध्याकाळ झाली असेल, हा हिशेब त्या स्वतः करतात.

आपला हा धीर कुठून आला असावा, याचा मी बरेचदा विचार करते. आपली सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. ट्रंक कॉल नोंदवायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग ते सांगायचे आणि मग काळ्या फोनशेजारी ताटकळत बसायचे, ते दिवस आपण आतल्या बाजूने पाहिलेत. 198 वर तक्रार नोंदवणारा माणूस आधी रागाने बोलतो आणि मग हळूच सांगतो की गावाकडे वडील आजारी आहेत, हे आपल्याकडूनच ऐकले आहे. पुढे एसटीडीची पिवळी पाटी चौकाचौकात लागली आणि रात्री उशिरा दर उतरतात म्हणून जेवणे आटोपून लोक तिथे रांगेत उभे राहू लागले. 2000 च्या 1 ऑक्टोबरला खात्याच्या सेवेची बीएसएनएल कंपनी झाली आणि 2020 च्या जानेवारीअखेर देशभरातील सुमारे 78 हजार कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यांत आपणही होतात. दोनच महिन्यांनी टाळेबंदी लागली. ज्यांनी शहराला जोडून ठेवण्यात उमेदीची वर्षे घालवली, त्यांपैकी अनेक जण त्या काळात घरीच बसून होते. आपण गच्चीवरून शेजारच्या गच्चीवरील आजोबांना फोन शिकवायला सुरुवात केलीत.

मी हिशेबाचे काम करते. कार्यालय पुण्यात आहे आणि माझे टेबल इथे त्रिमूर्तीनगरात, स्वयंपाकघराला लागून. महिन्याच्या 11 आणि 20 तारखांच्या आसपास जीएसटीच्या विवरणपत्रांची घाई असते आणि त्या दिवसांत मान वर करायला सवड नसते. त्यात आपला मे महिना! कूलर चालू ठेवावा तर मीटिंगमध्ये पलीकडच्या माणसाला पाऊस पडत असल्यासारखे ऐकू येते, बंद करावा तर 45 अंशांत बसवत नाही. अशा वेळी "अगं, हे काय आलंय बघ" अशी हाक आली की जीव दोन्हीकडे ओढला जाई, कारण आईंची अडचण खरीच असे. गॅस सिलिंडरच्या नोंदणीचा संदेश, डॉक्टरांची वेळ, लेकीचा हुकलेला कॉल, यांतले काहीच टाळता येण्याजोगे नव्हते. आता आईच सिलिंडर नोंदवतात आणि मला फक्त तारीख सांगतात. घरून काम करणाऱ्यांना चांगली खुर्ची आणि वेगवान इंटरनेट कसे लागते, यावर पुष्कळ बोलले जाते. घरातल्या इतर माणसांचे फोन त्यांचे त्यांना वापरता येणे ही त्याहून मोठी सोय आहे, असे माझे मत झाले आहे.

हयातीच्या दाखल्याची गोष्ट तर स्वतंत्रपणे सांगायला हवी. आईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन यंत्रावर बोट टेकवावे लागे. आयुष्यभर भांडी घासून, भाजी चिरून, कपडे पिळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. यंत्र त्यांना ओळखतच नसे. मागे रांग वाढत जाई आणि काउंटरवरील माणूस "दुसरं बोट, आजी" म्हणत राही. हयातीचा दाखला ऑनलाइन देण्याची जीवन प्रमाण ही सोय 2014 पासून आहे आणि 2021 च्या नोव्हेंबरपासून त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, हे आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हते. आपण आईंना सकाळी गॅलरीत, तोंडावर उजेड येईल असे बसवलेत, चष्मा काढायला लावलात आणि सांगितलेत, की पडदा सांगेल तेव्हा पापण्या मिटून उघडायच्या. पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटले ते मिटूनच ठेवले, देवापुढे बसल्यासारखे, आणि सगळ्यांना हसू आले. थोड्या वेळात प्रमाणपत्राचा क्रमांक संदेशाने आला. त्या दिवशी आईंनी आपल्याला आग्रहाने सांबारवडी खाऊ घातली, आणि आजवर आपण आमच्याकडून एवढेच काय ते घेतलेत.

वहीतले लाल शाईचे पान मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यावर तीनच ओळी आहेत. पैसे घेताना पिन लागत नाही. पोलीस फोनवरून अटक करत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक. मध्यंतरी आईंना एक व्हिडिओ कॉल आला. समोर गणवेश घातलेला इसम होता. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, खोलीचे दार लावून घ्या आणि कोणाशीही बोलू नका, असे तो दरडावत होता. डिजिटल अरेस्ट नावाची तरतूद आपल्या कायद्यात कुठेच नाही, पण गणवेश पाहिला की भलेभले गांगरतात आणि जन्मभराची पुंजी गमावून बसतात. आईंनी त्याचे बोलणे ऐकून घेतले, लाल गोल दाबला आणि मग मला येऊन सांगितले. संध्याकाळी आपल्या देखरेखीखाली त्यांनी दूरसंचार विभागाच्या संचार साथीवर, संशयास्पद कॉल कळवण्याच्या चक्षू या सुविधेत, त्या क्रमांकाची तक्रारही नोंदवली. आम्ही त्यांचा फोन आमच्याच ताब्यात ठेवला असता, तर तो कॉल कदाचित आलाच नसता, असे एका नातेवाइकांचे म्हणणे पडले. मला ते पटत नाही. कुलपात ठेवलेल्या माणसाला सुरक्षित म्हणता येते, पण ते जगणे कोणालाच नको असते.

2023 च्या सप्टेंबरातील 23 तारखेची ती पहाटही आठवते. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतील घरांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. आपल्याकडे वीज तेवढी गेली होती. तिकडे मेलबर्नला सकाळचे काम सुरू झाले होते आणि नणंदबाईंच्या फोनवर नागपूरची चित्रे जाऊन पोहोचली होती. आम्ही उठून मेणबत्ती शोधेपर्यंत आईंनी माइकचे चित्र दाबून धरले होते: "आम्ही वर आहोत, पाणी नाही, लाइट नाही, घाबरू नको." त्यांच्या आवाजातला तो एवढासा निरोप लेकीने जपून ठेवला आहे.

याचा अर्थ फोनने सगळे भरून निघाले, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि या मुद्द्यावर आपले माझ्याशी जमत नाही हेही मला माहीत आहे. विमानतळाजवळ मिहानचा उद्योग प्रकल्प आला, तिथे कंपन्या आल्या, तरी आपल्या गल्लीतली निम्मी मुले पुणे, बंगळूर, हैदराबाद आणि त्याच्याही पलीकडे आहेत. नातवंडे पडद्यावर येऊन "हाय आजी" म्हणतात आणि खेळायला पळतात. नंतर काही वेळ आई रिकाम्या पडद्याकडे पाहत बसतात. सकाळच्या फुलांच्या शुभेच्छांनी फोनची जागा भरते, घराची भरत नाही. पण पूर्वी लेकीशी बोलायला त्यांना कोणाची तरी सवड पाहावी लागे आणि त्यासाठी विनवणी करावी लागे, ती आता करावी लागत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एवढे स्वातंत्र्य हाती येणे ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि त्याचे श्रेय नि:संशय आपले आहे.

आता एक विनंती. आपल्या वहीच्या झेरॉक्स प्रती खामला आणि प्रतापनगरच्या मंडळींनी मागितल्या आहेत. चिन्हे रंगीत असल्याने काळ्या-पांढऱ्या प्रतीत हिरवा आणि लाल गोल सारखेच दिसतात, म्हणून रंगीत प्रती काढाव्यात आणि त्याचा खर्च आम्ही काही घरांनी मिळून उचलावा, असे ठरते आहे. लाल पान सर्वांत पुढे घ्यावे, अशी माझी सूचना आहे. आपली परवानगी असल्यास तसे कळवावे. मला नव्हे, आईंना कळवावे, कारण हे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे आणि छपाईवाल्याशी दराची घासाघीसही त्याच करत आहेत.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची सूनबाई
त्रिमूर्तीनगर, नागपूर