पुडी लिटरची, पाणी पेलाभर!

महोदय,
सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की ओआरएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळवून पाजायच्या मीठ-ग्लुकोजच्या पुड्या घराघरांत येतात. पण आमच्या जोडभावी पेठेत लिटरभर पाण्याची पुडी एकाच पेल्यात ढवळून जुलाब लागलेल्या लेकराला पाजताना दिसते, तेव्हा राहवत नाही.

ही पुडी काम कशी करते ते पाहा. आतड्यातल्या पेशीचे पटल मेदाच्या दुहेरी थराचे असते. मीठ-साखर त्यातून आपसूक पार होत नाही. त्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. लहान आतड्यातले असे एक प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेते, पाठोपाठ पाणी जाते. कॉलऱ्यातही हे दार शाबूत राहते! १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच बळावर, असेच द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले. आज लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ हे प्रमाण आहे. द्रावण घट्ट झाले की उलटेच घडते. पाणी शरीरातून आतड्यात ओढले जाते, जुलाब वाढतात.

औषध दुकानदारांनी पुडी देताना पाण्याचे माप तोंडी सांगावे. छोटी पुडी २०० मिलीचीही असते. अंगणवाडीत लिटरचे मापही ठेवावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सोलापूर