शेतकऱ्यांचं बंड त्याआधीही झालं होतं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला शेतकरी उठावांवरचा लेख वाचला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांचे कागद जळाले, तिथून तो सुरू होतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याआधी आपल्याकडचा कुणबी कधी राजावर उठलाच नाही, असा जो सूर लेखात लागला आहे, तो मला फार खटकला. उठला होता, आणि त्या उठावात राजाच मारला गेला.

इ. स. १०७० च्या सुमारास बंगालमधलं पाल घराण्याचं राज्य खिळखिळं झालं होतं. राजा दुसऱ्या महीपालाने संशयापोटी शूरपाल आणि रामपाल या भावांना कैदेत टाकलं. वरेंद्रीत, म्हणजे आजच्या राजशाही-दिनाजपूरच्या पट्ट्यात, कैवर्त उठले. मासेमारी आणि शेती करणारी ही माणसं. मंत्र्यांचं न ऐकता महीपाल अपुऱ्या फौजेनिशी चालून गेला आणि जिवाला मुकला. कैवर्तांचा पुढारी दिव्य सत्तेवर आला. त्याच्यामागून भाऊ रुदोक, मग रुदोकाचा मुलगा भीम.

हे आपल्याला कळतं ते संध्याकर नंदीच्या ‘रामचरित’ या संस्कृत काव्यातून. त्याची पोथी हरप्रसाद शास्त्रींना नेपाळात सापडली आणि १९१० साली छापली गेली. कवीचे वडील पुढे राजा झालेल्या रामपालाचे मंत्री, त्यामुळे बाजू कोणाची हे उघडच आहे. श्लोकाश्लोकाला दोन अर्थ: एक रामायणाचा, एक रामपालाचा. ‘जनकभू’ म्हणजे जनकाची लेक सीता, आणि वाडवडिलांची भूमी वरेंद्रीसुद्धा. भीम अर्थातच रावण. वर्गात ‘जनकभू’ हा शब्द फळ्यावर लिहिताना दर वर्षी माझा हात थांबायचा. सीता या शब्दाचा मूळ अर्थ नांगराची तास, म्हणजे नांगरल्यावर जमिनीत पडणारी रेघ. ज्यांनी ती तास धरली, त्यांनाच या काव्यात सीता पळवणारे ठरवलं आहे!

तरीही दिव्याला दस्यू, म्हणजे लुटारू, म्हणणाऱ्या या कवीला भीमाचे गुण गायल्यावाचून राहवलं नाही.

काही इतिहासकार याला सामंतांचं बंड म्हणतात. दिव्य स्वतः पालांच्या चाकरीतला मोठा अधिकारी होता आणि सामंत त्यात होते, हे मान्य. पण भीमाच्या बाजूने रेड्यांवर बसून, धनुष्यबाण घेऊन जे लढले, ते कुठले सामंत? उलट रामपालालाच जमिनी आणि धन वाटून सामंत गोळा करावे लागले. राष्ट्रकूट कुळातला मामा मथन त्याच्या मदतीला धावला. होड्यांचा पूल करून फौज गंगेपार गेली. भीम हत्तीवरून लढताना जिवंत सापडला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या घरच्यांना मारलं आणि मग त्याला बाणांनी विंधलं. वरेंद्री परत मिळाल्यावर रामपालाने तिथे कर हलका ठेवला, असं तेच काव्य सांगतं. शेतकऱ्याचं दुखणं नेमकं कुठे होतं, ते मला यातच दिसतं.

बांगलादेशात नौगाव जिल्ह्यात दिबर दिघी नावाचा तलाव आहे. त्याच्या मधोमध पाण्यात एक अखंड दगडी खांब उभा आहे. तिथले लोक तो दिव्याचा विजयस्तंभ मानतात. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात दिव्य, रुदोक आणि भीम ही तीन नावं आणि जमल्यास त्या खांबाचा फोटो जरूर छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, कराड