मुशीतून वाचलेल्या नंदीसाठी

ती. स्व. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही. नातू हे वाचून दाखवेल तेव्हा 'उगाच कशाला' म्हणाल, तेही ठाऊक आहे. तरीही हे आभार चारचौघांत मानतोय, कारण तुमच्यासारख्या सराफाकडे आलेल्या जुन्या चांदीचं पुढे काय होतं, याचा बहुतेकांना पत्ता नसतो.

मोड येते, म्हणजे मोडीत विकलेल्या जुन्या वस्तू. वाळे, तोरड्या, निरांजन, करंड्याचं झाकण, आणि त्यात कधीतरी नखाएवढं, वेडंवाकडं एखादं नाणं. काट्यावर वजन होतं, घट वजा होते आणि सगळं मुशीत वितळायला जातं. दीड हजार वर्षांचं नाणं आणि गेल्या दिवाळीची वाटी, दोघांची लगड एकच. तुम्ही ते नाणं बाजूला काढायचात. 'हे जुनं दिसतंय, घरी ठेवा' असं गिऱ्हाइकाला सांगून बघायचात. तो नाहीच म्हणाला तर भाव देऊन टाकायचात आणि नाणं तंबाखूच्या जुन्या डबीत जायचं. नाशिकच्या सराफ बाजारात असं करणारे तुम्ही एकटेच होता असं नाही, पण माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला बसवून घेऊन ती डबी उघडून दाखवणारे तुम्हीच.

त्या डबीतलं माझं सगळ्यात आवडतं नाणं अजूनही कृष्णराजाचंच. एकीकडे राजाचं मस्तक, दुसरीकडे पाय मुडपून बसलेला नंदी आणि त्याच्याभोवती ब्राह्मी अक्षरं: 'परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज', म्हणजे शिवाचा परमभक्त, आईवडिलांच्या चरणांचं ध्यान करणारा श्रीकृष्णराज. वजन दोन ग्रॅमच्या आसपास. सहाव्या शतकातला हा कलचुरी राजा. पण इ. स. 710च्या सुमाराच्या अंजनेरी ताम्रपटातही रकमा 'कृष्णराजरूपकां'मध्येच मोजल्या आहेत. राजाला जाऊन शतक उलटलं, तरी त्याचा नंदी बाजारात चालत होता. हे मी वाचून सांगितलं तेव्हा तुम्हाला जराही नवल वाटलं नाही. 'चांदी खरी असली की राजा मेला तरी चालतो,' एवढंच बोललात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात.

तुमचं हे वाक्य गुजरातेतल्या भडोच बंदरालाही लागू पडतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात म्हटलंय, की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांचे जुने द्रम्म (चांदीची नाणी) अजून चालतात. हे राजे होऊन गेले ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, तेही पार वायव्येला. मिनँडर म्हणजे आपला मिलिंद. (आपल्याकडे दर गल्लीत एक मिलिंद असतो. त्यातल्या किती जणांना आपल्या नावाच्या राजाचं नाणं माहीत असेल?) त्याच्या द्रम्मावर वज्र फेकायला हात उगारलेली अथीना आहे आणि तिच्याभोवती खरोष्ठी लिपीत उजवीकडून डावीकडे 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. अपोलोडोटसचा द्रम्म चौकोनी, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल. ग्रीक राजा आणि बैल मात्र अस्सल आपल्याकडचा!

अ‍ॅगाथोक्लीस या आणखी एका ग्रीक राजाच्या चौकोनी नाण्याचा फोटो दाखवला तो दिवस तर विसरणं शक्य नाही. अफगाणिस्तानात आय-खानुमला फ्रेंच उत्खननात 1970 साली ही नाणी सापडली. एका बाजूला चक्र आणि शंख घेतलेला वासुदेव, दुसऱ्या बाजूला संकर्षण. मी ग्रीक अक्षरांबद्दल काहीबाही सांगत होतो. तुम्ही भिंग लावलंत, संकर्षणाच्या हातात नांगर पाहिलात आणि म्हणालात, 'हा तर बळीराम. शेतकरी माणूस.' पुस्तकात तीन परिच्छेद खर्चून जे म्हटलं होतं, ते तेवढ्यात संपलं.

खरंखोटं ओळखायला तुम्हीच शिकवलंत. ओतीव नाण्यावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात, कडेला साच्याची शिवण लागते. ठशानं ठोकलेल्या नाण्याची कड चिरते, फाटते, पण तिला शिवण नसते. नाणं दिसलं की आधी कड बघायची, देव आणि बैल नंतर. पुरातन नाण्याला कसोटीचा दगड लावायचा नाही. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावायचं नाही. काळेपणा घासून काढलेलं नाणं पाहून तुम्ही हळहळायचात, तसा आता मीही हळहळतो. घरच्यांना हे वेड वाटतं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार, खरं तर सगळ्यात जास्त याच्यासाठी. नांगरताना शेतात सापडलेली नाणी घेऊन एक जण आला होता. तुम्ही एकही घेतलं नाहीत. 1878चा गुप्तधनाचा कायदा त्याला समजावलात, जमिनीत सापडलेलं आधी कलेक्टर कचेरीला कळवायचं म्हणून सांगितलंत आणि अर्जही स्वतः लिहून दिलात. नाणी एकत्र, जागच्या माहितीसकट राहिली तरच काही कळतं. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची 13,000हून जास्त नाणी एका ठिकाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा आपला ठसा मारला होता. कोणी कोणाला हरवलं ते त्या ढिगानं सांगितलं. तीच नाणी सुटी सुटी मोडीत गेली असती तर चांदीच्या भावापलीकडे काय हाती लागलं असतं?

डबीतल्या तुमच्या चिठ्ठ्या मी वहीत उतरवायला घेतल्या आहेत: वजन, कुठल्या गावची मोड, कोणत्या साली आली. तुमचं मोडी मला बरंच लागतं, पण नंदीच्या दोन नाण्यांसोबतच्या चिठ्ठीवरचं गावाचं नाव काही केल्या लागत नाहीये. रविवारी दुपारी झोप झाल्यावर येतो. चष्मा जवळ ठेवा.

आपला,
डबीवाला कारकून